वीतभर पश्चिमेला

पेट्रोलवरचं गवत कापायचं यंत्र तीन-चार तास ढकललं की भिकाच्या मनगटांपासून बोटांपर्यंत मुंग्या यायच्या. रात्री भाकरी मोडताना हात थरथरायचा. वत्सलाबाई म्हणायची, "शेठना एकदा सांगा की." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "काय सांगू? गवत कापायलाच तर ठेवलंय मला."

इगतपुरीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत संतोषशेठचं रिसॉर्ट होतं. चौदा खोल्या आणि पुढे सव्वा एकराची हिरवळ. शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-नाशिकची माणसं यायची आणि रविवारी दुपारनंतर पांगायची. सोमवार उजाडला की भिका हिरवळीमागे लागायचा आणि वत्सलाबाई चादरींमागे. दोघं नवराबायको अकरा वर्षं इथेच कामाला होती. गाव हाकेच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे त्यांचं थोडं भाताचं शेत होतं.

नवरात्रात एक दिवस शेठनी त्याला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "भिका, आता तुला ढकलायचं काम नाही. नवं यंत्र येतंय. ते आपलं आपण फिरणार, आपण कापणार, चार्जिंग संपलं की आपण जागेवर जाऊन बसणार."

"बरं," भिका म्हणाला. बाहेर आल्यावर त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. हातांना विसावा मिळणार म्हणून त्याला बरं वाटलं, आणि लगेच पुढचा विचार आला की मग आपण करायचं काय? यंत्र आपलं आपण फिरणार असेल तर शेठ आपल्याला किती दिवस ठेवतील? वत्सलाबाईला त्याने फक्त पहिला विचार सांगितला.

यंत्र बसवायला नाशिकहून तेजस्विनी नावाची इंजिनिअर आली. इंदिरानगरात राहणारी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. तिच्या कंपनीचं ऑफिस म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा एक गाळा आणि त्यात पाच माणसं. आतापर्यंत ती दुसऱ्यांच्या हाताखाली जायची. हे पहिलंच काम तिच्या एकटीच्या भरवशावर होतं. तिच्याबरोबर आलेल्या दोघांनी पंपाच्या खोलीशेजारी, मोकळ्या जागेत, खड्डा खणून दहा फुटांचा लोखंडी पाइप सिमेंटमध्ये उभा केला आणि त्याच्या टोकावर पांढरी, थाळीएवढी एक वस्तू बसवली. मग तेजस्विनीने हातातल्या रिमोटने यंत्र हिरवळीच्या कडेकडेने एकदा फिरवून आणलं. एवढ्यावर त्याला हद्द समजली. ना तार पुरली, ना खुंट्या ठोकल्या.

यंत्र बसकं, करड्या रंगाचं होतं. वत्सलाबाईने पहिल्याच दिवशी त्याला कासव म्हटलं आणि मग सगळेच कासव म्हणायला लागले.

पहिला आठवडा कासवाने असं काम केलं की भिका बघत राहिला. सरळ पट्टे, एकाला लागून एक. पश्चिमेच्या कडेला अष्टरचा वाफा होता, त्याच्यापासून चार बोटं अलीकडे ते वळायचं. एवढ्या काठाने यंत्र न्यायला भिकाला जीव मुठीत धरून चालावं लागायचं.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी दुपारी जेवून आल्यावर भिकाला वाफ्याच्या कडेचे अष्टर कापलेले दिसले. एक-दोन नव्हे, सगळी पुढची ओळ, अगदी सरळ रेषेत.

शेठनी नाशिकला फोन लावला. तेजस्विनी बुधवारी आली. ती आली तेव्हा कासव पुन्हा वाफ्यापासून चार बोटांवरून वळत होतं. तिने लॅपटॉप उघडला, बराच वेळ आकडे बघितले आणि कडेच्या फणसाकडे बोट दाखवलं. "झाडामुळे सिग्नल अडत असेल. खालच्या फांद्या काढाल का, काका?"

भिकाने फांद्या काढल्या. पुढच्या सोमवारी अष्टरची दुसरी ओळ गेली.

ती पुन्हा आली. या वेळी तिने यंत्रातला प्रोग्राम बदलला, चाकं उघडून साफ केली, पुन्हा हद्द फिरवली. मंगळवार, बुधवार, गुरुवार सगळं ठीक. त्यानंतरच्या सोमवारी कासव सरळ वाफ्यात शिरलं आणि पाण्याच्या नळीला भोक पाडून, भिजत, तिथेच थांबलं.

शेठ चिडले. भिकासमोरच फोनवर बोलले, "मॅडम, डिसेंबरच्या वीस तारखेला इथे साखरपुडा आहे, दीडशे माणूस. त्याच्या आत जमत नसेल तर यंत्र घेऊन जा. आमचा भिका काय वाईट कापत होता?"

ते ऐकून भिकाला बरं वाटलं. नाही म्हटलं तरी वाटलंच. त्या दिवशी जेवताना तो वत्सलाबाईला म्हणाला, "जातंय बघ कासव."

"आणि हात?" तिने विचारलं.

त्याने भाकरी पुढे ओढली.

तेजस्विनी चौथ्यांदा आली ती गुरुवार होता. तिचा चेहरा उतरला होता. सकाळपासून ती हिरवळीवर फिरत होती, मध्येच गुडघ्यावर बसत होती. दुपारी भिका तिच्यासाठी चहा घेऊन गेला तर ती फणसाखाली बसून नुसतीच समोर बघत होती.

"ताई, चहा घ्या."

"थँक्यू, काका." तिने कप घेतला. "तुम्ही रोज इथे असता. तुम्हाला काय वाटतं हो? हे असं का करतंय?"

अकरा वर्षांत हिरवळीबद्दल त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "मला यंत्रातलं काय कळत नाय. पण एक दिसलं ते सांगतो. इकडं वाफ्यात एक वीत शिरलं, त्या दिवशी पार तिकडं उगवतीच्या कडेला एक वीत गवत सुटलं व्हतं. मी वीत लावून बघितलं. मधे तो गोल चौथरा हाय ना, त्याच्या या अंगाला गवत सुटलं, त्या अंगाला दगडावर पातं घासलं. तिथं पण वीतभरच."

तेजस्विनीने कप खाली ठेवला. "सगळीकडे एकसारखं? एकाच दिशेला?"

"समदीकडं. मावळतीला."

"झाडाखाली जास्त, उन्हात कमी, असं काही नाही?"

"नाय. उचलून सरकवल्यावानी."

ती उठून उभी राहिली. चालत गोल चौथऱ्यापर्यंत गेली, दगडावरचा पांढरा ओरखडा बघितला, पुन्हा आली. "मग झाडाचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "झाडामुळे चूक झाली असती तर ती कमीजास्त झाली असती, इकडेतिकडे झाली असती. इतकी सारखी नाही. काका, मी दोन आठवडे चुकीच्या जागी शोधतेय."

"पण ह्याला कळतं कसं, आपण कुठं हाय ते?" भिकाने विचारलं. हा प्रश्न त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून होता.

ती पुन्हा फणसाखाली बसली. "वर आकाशात उपग्रह फिरतात. ते आपापला वेळ सांगत असतात. यंत्र त्यावरून हिशेब करतं की आपण कुठे आहोत. पण हवेतून येताना तो निरोप जरा बिघडतो, त्यामुळे हिशेब दोन-तीन मीटर चुकतो. मोबाइलवर रस्ता बघताना आपली खूण कधी शेजारच्या घरात दिसते ना, तसं."

"मग एवढं काठानं कसं वळतं?"

"तो पाइप आहे ना पंपाच्या खोलीजवळ? त्याच्यावरची ती पांढरी थाळी. तीही तेच उपग्रह ऐकते. पण ती जागची हलत नाही, आणि तिची जागा तिला पक्की ठाऊक असते. त्यामुळे आज उपग्रह किती चुकतायत ते तिला कळतं. ते ती कासवाला सारखं कळवत राहते. कासव तेवढी दुरुस्ती करून घेतं. मग चूक दोन बोटांवर येते."

भिका पाइपाकडे बघत होता. "म्हंजी कासव त्या खांबावर भरवसा ठेवून चालतंय."

"अगदी पूर्ण. खांब इकडे सरकला तर सगळी हिरवळ इकडे सरकली असं ते समजणार." ती हसली. "पण तो सिमेंटमध्ये आहे. मी दर वेळी ओळंबा लावून बघितलाय. अगदी सरळ असतो."

भिकाची नजर पाइपावरून पंपाच्या खोलीच्या खिडकीकडे गेली.

दसऱ्यानंतर शेठनी स्वयंपाकघरामागे जनरेटरसाठी खोली बांधायला घेतली होती. चादरी वाळत घालायच्या दोऱ्या तिथेच होत्या. ती जागा गेली आणि वत्सलाबाईला ओल्या चादरींनी भरलेल्या बादल्या घेऊन मागची टेकडी चढावी लागायला लागली. दोन सोमवार तिने ते केलं. दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी ती कंबर धरून भिंतीला टेकली तेव्हा भिकाला बघवेना. पंपाच्या खोलीजवळ दिवसभर ऊन असायचं आणि तिथे तो नवा पाइप आयता उभा होता. त्याने खोलीच्या खिडकीच्या गजापासून पाइपापर्यंत नायलॉनची दोरी ताणली, दोन पदरी. पाहुण्यांना दोरी दिसलेली शेठना चालायची नाही, म्हणून पाइपाकडच्या टोकाला त्याने आकडा केला; चादरी वाळल्या की दुपारी काढून ठेवायचा. सोमवारी धुणं असायचं. तेवढ्या दिवसापुरतीच ती दोरी.

पंपाची खोली पाइपाच्या पश्चिमेला होती.

दोरीचं नाव न काढता भिका स्वयंपाकघराकडे वळला. तेजस्विनी चहा संपवून पुन्हा लॅपटॉपकडे गेली आणि संध्याकाळी नाशिकला निघून गेली. जाताना म्हणाली, "काका, सोमवारी मी पहाटेच येते. माझ्यासमोर चुकू दे."

घरी गेल्यावर त्याने वत्सलाबाईला सगळं सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"खात्री हाय तुम्हाला?"

"नाय. पण तसंच असणार."

"नाय सांगितलं तर?"

"तर यंत्र जाईल. माझं काम ऱ्हाईल. त्या पोरीचं पयलं काम हाय, ते जाईल."

वत्सलाबाईने सूप खाली ठेवलं. "दोरी माझ्यासाठी बांधली तुम्ही. मला विचारत असाल तर सांगून टाका. पण आधी बघा नीट. उगाच आपल्या अंगावर कशाला घ्यायचं?"

सोमवारी भिका सहालाच पोचला. तेजस्विनीची गाडी आधीच उभी होती. ती हिरवळीवर स्वेटर घालून, हात खिशात घालून उभी होती. धुकं अजून विरलं नव्हतं. भिका तिला म्हणाला, "ताई, इकडं या माझ्याबरोबर. एक दाखवायचंय."

पंपाच्या खोलीजवळ वत्सलाबाई बादल्या घेऊन उभी होती. भिकाने पाइपामागच्या पाण्याच्या टाकीच्या कडेकडे बोट केलं. "या इथं उभ्या ऱ्हावा. खांबाचं टोक आणि टाकीची कड एका रेषेत दिसती का?"

"हो, दिसते."

भिकाने दोरीचा आकडा पाइपाला अडकवला. वत्सलाबाईने पहिली चादर टाकली, मग दुसरी, तिसरी. बारा चादरी, पाण्याने जड झालेल्या. दोरी खाली आली. पाइपाचं टोक टाकीच्या कडेवरून हळूहळू निघालं आणि खोलीच्या बाजूला झुकलं.

"एक वीत," भिका म्हणाला. "दोरी मीच बांधलीय, ताई. दर सोमवारी. तुम्ही येता तेव्हा सोडलेली असती. मला गुरुवारीच वाटलं व्हतं. त्या दिवशीच बोलायला पायजे व्हतं."

तेजस्विनी वळली आणि तडक हिरवळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. भिका आणि वत्सलाबाई जागेवरच उभी राहिली. "रागावली," वत्सलाबाई हळूच म्हणाली.

ती परत आली तेव्हा तिचे बूट दवाने भिजले होते. "चार खेपा," ती म्हणाली. "फणसाच्या फांद्या उगाच तोडल्या. घरी बाबा रोज विचारायचे, झालं का तुझं ते इगतपुरीचं? मी जेवणावरून उठून जायचे." तिने श्वास सोडला. "आणि पहिल्या दिवशी मी शेठना सांगितलं होतं की खांबाला हात लावायचा नाही. तुम्हाला सांगितलंच नाही. इथे सगळा वेळ तुम्ही असता, आणि सांगितलं कुणाला, तर आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाला."

"शेठ विसरले असतील," वत्सलाबाई म्हणाली.

"ते विसरणारच. चूक माझी आहे." मग तिने चादरींकडे बघितलं आणि तिला हसू आलं. "बारा चादरी! आमच्या ऑफिसात कुणाला खरं वाटणार नाही."

दहा वाजता शेठ आले. तेजस्विनीने त्यांना सरळ सांगितलं की खांब बसवायची जागाच तिने चुकीची निवडली. कुणीही दोरी बांधेल, कुणी गाडी लावताना धक्का देईल, अशा जागी तो नको होता. भिका मध्येच म्हणाला, "दोरी माझी व्हती, शेठ." वत्सलाबाई मागून म्हणाली, "आणि कंबर माझी."

शेठ तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "म्हणजे यंत्र चांगलं आहे?"

"चांगलं आहे."

"मग एवढं तोंड पाडून काय उभे आहात सगळे?" ते म्हणाले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "वत्सलाबाई, तुम्ही चादरी घेऊन टेकडी चढत होता? मला कुणी बोललं नाही ते?"

"तुम्ही विचारलं नाय," वत्सलाबाई म्हणाली.

त्याच आठवड्यात दोन कामं झाली. पांढरी थाळी पाइपावरून उतरवून पंपाच्या खोलीच्या स्लॅबवर, आखूड जाड नळीवर, चार बोल्टांनी पक्की बसवली. आणि घोटीहून वेल्डरला बोलावून शेठनी उन्हाच्या जागी वाळवणासाठी लोखंडी चौकट उभी करून घेतली, वत्सलाबाईच्या खांद्याएवढ्या उंचीची. तिने हात वर न ताणता चादर टाकून बघितली आणि मान हलवली.

थाळीची जागा बदलल्यामुळे हद्द नव्याने फिरवावी लागणार होती. तेजस्विनीने रिमोट भिकाच्या हातात दिला.

"मी?"

"कड तुमच्याइतकी कुणाला माहीत आहे? फक्त सावकाश चला. तुम्ही चालाल ती रेघ ते लक्षात ठेवतं."

भिकाने चपला काढून ठेवल्या आणि कासवामागून निघाला. उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी मुरत नाही, तिथे चाकं रुततात, म्हणून त्याने तो कोपरा सोडला. चौथऱ्याच्या भोवती दोन बोटं जास्त अंतर ठेवलं. अष्टरच्या वाफ्याजवळ मात्र तो अगदी काठाने गेला. सगळी फेरी व्हायला पाऊण तास लागला. तेजस्विनीच्या मोबाइलवर हिरवळीचा नकाशा उमटला होता. त्याने तो बराच वेळ बघितला. आपण अकरा वर्षं चाललो ती जागा वरून अशी दिसते, हे त्याला माहीत नव्हतं. आकार त्याला भाकरीच्या तुकड्यासारखा वाटला.

वीस तारखेचा साखरपुडा झाला. दीडशे माणसं हिरवळीवर जेवली आणि कुणीही गवताबद्दल चकार शब्द काढला नाही. शेठच्या मते यापेक्षा मोठी पावती नव्हती. दुसऱ्या दिवशी खुर्च्या उचलल्या जात असताना भिकाने धीर करून विचारलं, "शेठ, आता मी काय करू?"

"काय करू म्हणजे?"

"गवत तर कासव कापतंय."

शेठना त्याचा प्रश्न कळायला वेळ लागला. "अरे, तू माळी ना? अकरा वर्षांत मी तुला माळीकाम करूच दिलं नाही. ती टेकडीकडची बाजू बघ, नुसती उघडी पडलीय. तिथे काय लावायचं ते तू ठरव."

भिका त्या रात्री नीट जेवला आणि लवकर झोपला. हातांना मुंग्या येणं एव्हाना थांबलं होतं.

जानेवारीत तेजस्विनी तपासणीला आली तेव्हा टेकडीकडच्या बाजूला करवंदीचं कुंपण लावलेलं होतं, खाली गुलाबाचे दोन वाफे झाले होते आणि भिका एका मोठ्या खड्ड्याशेजारी जांभळाचं रोप घेऊन उभा होता. तिला बघून त्याने रोप खाली ठेवलं.

"बरं झालं आलात, ताई. विचारायचंच व्हतं. जांभूळ लय मोठं व्हतं. पंधरा-वीस वर्सांनी ह्याची सावली हिरवळीवर यील. कासवाला आकाश दिसंल का तेव्हा?"

वीस वर्षांनी हे कासव कुठलं असणार, असं तेजस्विनीच्या तोंडावर आलं होतं. पण तिने तसं म्हटलं नाही. तिने मोबाइल काढला आणि दिवसभरात उपग्रह आकाशात कुठून कुठे जातात त्याचं चित्र त्याला दाखवलं. सगळीकडून रेघा गेल्या होत्या. उत्तरेला, क्षितिजाजवळ, एक जागा बरीचशी मोकळी होती.

"इथून ते फारसे जात नाहीत," ती म्हणाली. "आपल्याकडून उत्तरेला, खालच्या आकाशात. झाड लावायचं तर त्या बाजूला लावा. सगळ्यात कमी अडचण."

"उत्तरेला? म्हंजी तो कोपरा, पाणी मुरत नाय तो?"

"जांभळाला चालेल का?"

"चालंल काय, आवडंल," भिका म्हणाला. "ओलाव्याचंच झाड हाय ते."

त्याने कुदळ खांद्यावर टाकली. तेजस्विनीने रोप उचललं. कोपऱ्यात पोचल्यावर ती थोडी मागे सरकून वर बघत राहिली; भिकाने दोन्ही पाय रोवून उभं राहून जागा पसंत केली आणि पहिला घाव घातला. माती मऊ होती. तासाभरात खड्डा झाला. वत्सलाबाई पाण्याची कळशी घेऊन आली, तिने रोपाच्या मुळाशी पाणी घातलं, आणि मग तिघं तिथेच बसून तिने आणलेल्या नागलीच्या भाकरी खायला लागले.